गोत्र काश्यप

आईच्या दहाव्याचे विधी मी सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्येच केले. मला भाऊ नाही. पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते; फोन पिठाच्या डब्याला टेकवला होता. समोर ताम्हन, पळी, काळे तीळ. मागे, आईला अखेरपर्यंत सांभाळणारी म्यानमारची बाई उभी होती. आई तिच्याशी मराठीतच बोलायची, त्यामुळे तिला बरंच कळत असे.

गेल्या वर्षी तिची स्वतःची आई वारली, तेव्हा ती जाऊ शकली नाही. मी तिकीट काढते म्हटलं होतं. पण एकदा गेल्यावर तिकडचं सरकार पुन्हा बाहेर पडू देईल याची खात्री नव्हती, आणि भावांची शिक्षणं तिच्या पगारावर चाललेली. सिंगापूर आणि तिचा देश, दोन्ही आसियान या एकाच गटातले. बाहेरची खरं तर मी. तरी पुण्याला जाऊन यायला मला नुसतं तिकीट पुरतं.

ती राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी माझ्या आईची वेणी घातली.

आजोबा, आजी, मावशी अशी एकेकाच्या नावाने मी तीळ-पाणी सोडत होते. गुरुजी म्हणाले, "आणखी कोणी? स्नेही, शेजारी, कोणीही चालतं."

ती पुढे सरकली. "ताई, माझी आई पण... कॅन? चालेल?"

गुरुजी नाही म्हणाले असते, तर मला तिच्याकडे बघवलं नसतं. "गुरुजी, हिच्या आईचं करायचं राहून गेलंय. म्यानमारच्या होत्या."

"नाव?"

तिने सांगितलं. गुरुजींना ते तिसऱ्या खेपेला जमलं.

"गोत्र?"

"ते कुठून आणू, गुरुजी?"

"माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. त्यात सगळे मावतात. बसवा त्यांना."

मी पाटावरून उठले. अंगठ्यावरून पाणी कसं सोडायचं ते गुरुजी दाखवू लागले, तर ती म्हणाली, "आमच्याकडे पण सोडतात. हळू सोडतात." थेंब थेंब सोडत ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली. गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला आणि मध्येच थांबवला. "होऊ दे त्यांचं सावकाश."

त्यांच्याकडे ते पाणी मातीत घालतात, असं ती म्हणाली. आम्ही लिफ्टने खाली गेलो आणि ब्लॉकसमोरच्या झाडाच्या बुंध्याशी ताम्हन रिकामं केलं. तिथूनच तिने भावाला फोन लावला. बोलणं मला कळत नव्हतं. त्यात तिच्या आईचं नाव आलं, आणि थोड्या वेळाने माझ्या आईचंही.