उत्तर-दक्षिण बसवा!

कुणाच्या घरात शिरल्यावर मामा कधी बसत नसत. पाणी नको, चहा नको. "आधी न्हाणी दाखवा," म्हणत ते चपला काढायचे आणि मोठ्यानं खाकरत थेट मागच्या बाजूला जायचे. वाळत घातलेले कपडे ओढून काढताना घरातल्या बाईची कोण धांदल उडायची! मामा तांब्याभर पाणी फरशीवर ओतायचे आणि ते कुठं जातं ते उकिडवे बसून बघायचे. मोरीकडं गेलं तर मान डोलवायचे. कोपऱ्यात साचलं, तर घरमालकानं जणू पोटचं लेकरू उपाशी ठेवलंय अशा नजरेनं त्याच्याकडं बघायचे.

कळमनुरीत घरांची दलाली करणाऱ्यांत मामा सगळ्यात जुने. ते कुणाचे खरे मामा नव्हते, पण गल्ली तसंच म्हणायची. माझं नांदेड रोडला नळ, टाइल्स आणि संडासाच्या भांड्यांचं दुकान, म्हणून आमची रोजची गाठ. "लोक हॉल बघून खुश होतात, पण घर घेतात न्हाणी बघून," असं ते छातीठोकपणे सांगायचे. खोटं नव्हतं. संडास अंगणाच्या टोकाला असला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, आणि आत, स्वयंपाकघराला लागून असला तर गिऱ्हाइकाबरोबर आलेली सासू. दोन्ही वेळा भाव पडतोच.

मामांचा खरा हट्ट मात्र दिशेचा. दुकानात कुणी भांडं निवडत असलं, की हे मागून यायचे. "घ्यायचं ते घ्या, पण उत्तर-दक्षिण बसवा! आपल्या लोकायला उगवतीकडं तोंड करून बसणं पटत न्हाई. मुसलमानायला मावळतीकडं तोंडबी चालत न्हाई अन् पाठबी. उत्तर-दक्षिण बसवलं की घर कोणालाबी विकता येते. बराबर हाय का न्हाई?" एकदा एक म्हातारबुवा काठी उगारून म्हणाले, "अरे, माझी वास्तुशांत व्हायची हाय, अन् तू घर विकून राहिला व्हय?" मामा हसत बाजूला झाले, पण जाता जाता "उत्तर-दक्षिण" म्हणालेच.

मग मामींच्या किडन्या गेल्या. दर दोन-तीन दिवसांनी नांदेडला डायलिसिस. परत आल्यावर त्यांना अंगण ओलांडून संडासाला जाणं जमेना. मामा एका दुपारी घाईघाईत दुकानात आले, कमोड घेतला आणि झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात न्हाणी-संडास बांधायला काढला. सगळी फरशी न उखडता सेप्टिक टाकीकडं पाइप एकाच बाजूनं नेता येत होता. त्यामुळं कमोडचं तोंड सरळ पश्चिमेला आलं.

मी म्हटलं, "मामा, दिशा?"

"तिला आज बसायला पायजे. दिशा मंग बघू."

वर्षभरानं तो प्रवासही मामींना झेपेना. गाडीत त्या निपचित पडून यायच्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, नांदेडलाच राहा. लेकीनं दवाखान्याजवळ तळमजल्यावरचं घर हेरलं, पण त्याचा मालक थांबायला तयार नव्हता. इथलं विकल्याशिवाय तिथलं घेता येत नव्हतं. गिऱ्हाइकं येऊन गेली, कुणाचंच जमलं नाही. शेवटी आले उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांना घर मनापासून आवडलं. इसाराच्या दिवशी मामांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

मास्तर पुन्हा एकदा घरभर फिरले. त्या न्हाणीला खिडकी नव्हती, नुसता झरोका; आत दिशेचा अंदाज यायचा नाही. दिवा लावून त्यांनी शॉवर सोडून बघितला, टाइल्स वाजवून बघितल्या आणि बाहेर आले. "सब बराबर है, मामा." मामा चहाच्या कपात बघत बसले. दिशेचं ते काहीच सांगत नाहीत हे मी बघत होतो. खरं सांगतो, त्यांनी गप्पच राहावं असं मला वाटत होतं. मास्तरांनी इसाराचे पैसे काढायला खिशात हात घातला.

तेवढ्यात पलंगावरून मामी बोलल्या, "मास्तर, त्या भांड्याचं तोंड मावळतीकडं हाय. ह्यांच्या तोंडून निघून न्हाई राहिलं, म्हणून मी सांगते."

मास्तरांचा हात खिशातच राहिला. थोड्या वेळानं ते उठले. "अच्छा किये भाभी, बोल दिये. घरात विचारून सांगतो," म्हणाले आणि गेले.

मामा मामींवर एवढे चिडलेले मी कधीच बघितले नव्हते. "काहून बोलली तू? कोणासाठी चालू होतं हे सगळं?"

"माझ्यासाठी चालू होतं म्हणून तर बोलले," मामी म्हणाल्या. "मी तिथं सुखानं राहायचं, अन् हिथं त्यांच्या बाया रोज हळहळतील. मला न्हाई जमत ते."

पुढचे दिवस फार वाईट गेले. फोन वाजला की मामा दचकायचे. मामींना आता जीपमधून उचलून आत आणावं लागत होतं. नांदेडच्या मालकानं रविवारपर्यंतची मुदत दिली. मामा म्हणाले, आपणच फरशी फोडून भांडं फिरवतो. मी विचारलं, तेवढे दिवस मामींनी जायचं कुठं? ते डोकं धरून बसले.

शनिवारी सकाळी मास्तर मिस्त्रीला घेऊन दारात उभे. मामांनी हातच जोडले. "मास्तर, मी फिरवून देतो. चार दिवस द्या."

"फिरवायचं तर हायेच," मास्तर म्हणाले, "म्हणून तर मिस्त्री आणला. त्याला बघून घेऊ द्या. पण भाभी नांदेडला जाईपर्यंत तिथं हातोडा लागणार नाही. घर मी घेतलं." भाव पाडायचं त्यांनी नावही काढलं नाही. एका घराच्या भावावर अख्खी दुपार घालवणारे मामा मिस्त्रीला न्हाणी दाखवायला पुढं झाले.

आता मामा इथं नाहीत. दुकानात नवं गिऱ्हाईक भांडं निवडायला लागलं, की जुनं कुणीतरी "मामा कुठं गेले?" म्हणून विचारतंच. मला आठवतो तो त्यांचा निघायचा दिवस. जीप भरून तयार होती. मिस्त्री हातोडा घेऊन पायरीवर बसला होता. मामी दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. "मला एकदा जाऊन येऊ द्या," म्हणाल्या. मामा त्यांना धरून आत घेऊन गेले.

आम्ही सगळे, मास्तर, मिस्त्री आणि मी, रस्त्याकडं तोंड करून उभे राहिलो. ड्रायव्हरनं गाडी बंद केली.

मग न्हाणीची कडी वाजली. मामांच्या खांद्यावर भार टाकून मामी हळूहळू बाहेर आल्या, मिस्त्रीसमोर थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "फोडा बाबा आता."

त्यांना पुढच्या सीटवर नीट बसवून झालं, आणि मग भर गल्लीत, जीपचं दार धरून, मामा लेकरासारखे रडले.