बोलकी फळी

पुण्याच्या कँपातल्या एका जुन्या इमारतीच्या माडीवर कादरचाचांचं शिंप्याचं दुकान आहे. लाकडी जमीन, वर लाल कार्पेट. आरशासमोरच्या एका जागी पाय ठेवला की कार्पेट दबायचं आणि खालची फळी कुईं करायची. लग्नाच्या सुटाचं माप द्यायला मी तिथे उभा राहिलो, तेव्हा दचकून बाजूला झालो होतो.

"घाबरू नका, श्यामराव. नवरदेवाला घेऊन अजून ती कधी खाली गेली नाही," चाचा म्हणाले.

पण माप काही घेईनात. टेप गळ्यात आणि तोंडाने नुसत्या गप्पा. माझ्या सासरेबुवांपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळे विषय झाले. दुसऱ्याने आपला वेळ घालवलेला आमच्या सदाशिव पेठेत खपत नाही.

"अहो चाचा, सूट याच लग्नासाठी हवाय," मी म्हणालो.

चाचा मनापासून हसले. "आरशासमोर आलेला माणूस छाती काढतो, पोट आत ओढतो, या पायावरून त्या पायावर होतो. तोवर ही फळी बोलत राहते. कंटाळला की नेहमीसारखा उभा राहतो आणि फळी गप्प होते. तेव्हा मी माप घेतो. सूट त्या नेहमीच्या माणसाला घालायचा असतो."

आमच्या लग्नात नीट बसलेली तेवढीच एक गोष्ट, असं माझी बायको नीरजा अजून सांगते.

पुढे माझं तिथे जाणं होतच राहिलं. कधी पँट ढिली करायला, बहुतेक वेळा नुसताच चहा प्यायला. चाचा भवानी पेठेतून सायकलवर यायचे आणि संध्याकाळी कोट घरी न्यायचे. त्यांची काजं नसीमबानू, म्हणजे चाची, हाताने करायच्या. चाची गेल्या, तयार कपड्यांची दुकानं आली, लग्नाची गिऱ्हाइकं पांगली. मग चाचांचा हात थरथरायला लागला. कात्री त्यांनी मुलाकडे, शहाबाजकडे दिली, पाठोपाठ मशीनही दिलं. टेप तेवढा गळ्यातून उतरवला नाही. "एवढं एक काम माझ्याकडे राहू दे," असं त्यांनी शहाबाजला माझ्यासमोरच सांगितलं होतं.

यंदा माझ्या मुलाचं, राजसचं लग्न ठरलं. सूट मोबाइलवरून मागवायला निघालेल्या चिरंजीवांना मी ओढतच कँपात नेलं. मी आरशासमोर पाय टाकला आणि चुकल्यासारखं झालं. जमीन टणक लागली.

"काका, लोक म्हणायचे, दुकान पडायला आलंय," शहाबाज कौतुकाने सांगायला लागला. "अब्बा लोणीला आत्याकडे गेले होते, तेवढ्यात व्हिडिओ बघून कार्पेटवरूनच स्क्रू मारले. आता आवाज बंद!"

तेवढ्यात चाचा आले. राजसला त्यांनी आरशासमोर उभं केलं आणि नेहमीप्रमाणे गप्पा सुरू केल्या. नोकरीचा विषय झाला, नवरीचा झाला, हॉलचा झाला. चाचांची मान एका बाजूला कललेली, टेप हातात तसाच. शेवटी त्यांचे विषय संपले. त्यांना माप कधी घ्यायचं तेच कळेना.

"फळीला काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

शहाबाजचा चेहरा उतरला. तो खाली बसला, कार्पेटची लव बाजूला करून त्याने सगळे स्क्रू काढले. चाचा टेप घेऊन राजसजवळ सरकले. कुईं. मला इतका आनंद झाला, की मी मोठ्याने हसलो.

पण आवाज थांबेना.

"अरे, जरा स्थिर उभा राहा!" मी राजसवर खेकसलो.

"बाबा, मी हलतच नाहीये."

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. चाचांचे पाय थरथरत होते. चाचा स्वतःच्या पावलांकडे बघत राहिले. मग त्यांनी टेप शहाबाजच्या गळ्यात घातला आणि ते फळीवरून उतरून बाजूच्या स्टुलावर बसले.

"गप्पा मार त्याच्याशी," ते म्हणाले. "मी ऐकतो."

शहाबाजला कधी गिऱ्हाइकाशी धड बोलता आलेलं नाही. "लग्नाला... किती माणसं येणार?" त्याने विचारलं. राजस सांगायला लागला. चाचांनी डोळे मिटले. फळी थोडी कुरकुरली, मग थांबली.

"हं," चाचा म्हणाले. "आता घे."