मागच्या बाई

सहलीतली माणसं त्याला गाईडसाहेब म्हणत आणि तिला मागच्या बाई. नवरा पुढे, बायको मागे, असं एकोणीस वर्षं चाललं होतं. त्यात कमीपणा वगैरे काही नव्हता, कामाची वाटणीच तशी होती. तो घडाघडा बोलत पुढे जायचा आणि ती सगळ्यात हळू चालणाऱ्याच्याही मागून यायची, म्हणजे वाटेत कुणी राहू नये. त्यामुळे टेकडीवरच्या पडक्या नगराचा इतिहास तिला कधी धड ऐकायला मिळाला नाही. ती पोचेपर्यंत राजा मेलेला असायचा आणि लोक फोटो काढत असायचे. पण माणसं तिला पाठमोरी कळायची. कुणाचा गुडघा कुठल्या पायरीवर कुरकुरणार, दम लागलेला लपवायला कोण उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधणार, हे ती आधीच ओळखायची.

यावेळी अठरा जणांचा गट होता. चढणीच्या एका वळणावर गाईडसाहेब थांबले आणि एका दगडाविषयी बोलू लागले. पाच मिनिटांनी पुन्हा थांबले, दुसऱ्या दगडाविषयी. ती खालून बघत होती. त्या वळणांवर बघण्यासारखं काही नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिथे थांबायची ती तिची माणसं, धापा टाकणारी. तिसऱ्यांदा त्याने बोलता बोलता भिंतीला हात टेकला आणि तिला कळलं, दम त्यालाच लागतोय.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांच्या बेटावर जायचं होतं. तिथे धक्का नाही. लाट लाँचला वर उचलते, त्या क्षणी गाईडने आधी खडकावर उडी मारायची आणि मग एकेकाला हात देऊन ओढून घ्यायचं. हात देणाराच डळमळला, तर लाँच आणि खडक यांच्यामध्ये माणूस चेचला जाईल.

त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत तो मोजे काढायला बसला. एक काढून थांबला.

"उद्या उडी मी मारते," ती म्हणाली.

"का बरं?"

"तुम्हाला दम लागतो."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मागून दिसतं."

"एवढ्या वर्षांत एक माणूस पाण्यात पडू दिला नाही मी. आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाहीये हो. पण उद्या कुणाचा जीव गेला तर?"

"मग मी काय करू? लाँचमध्ये बसून लोकांच्या पिशव्या सांभाळू?"

सुंभ जळाला तरी पीळ न जाणारा माणूस तो, पण आज आवाजात पीळ नव्हता, भीती होती. चार माणसांपुढे उभं राहून बोलणं, याच्यापलीकडे त्याने आयुष्यात दुसरं काही केलंच नव्हतं. ती खाली बसली आणि त्याचा दुसरा मोजा तिने काढला.

सकाळी लाँच खडकाजवळ गेली. वर कड्यावर हजारो पक्ष्यांचा कलकलाट चालला होता, खाली सील ऊन खात पडले होते. तो लाँचच्या पुढच्या टोकावर जाऊन उभा राहिला. लाट आली. तो वाकला, पण उडी मारली नाही. दुसरी लाट आली आणि गेली.

"साहेब, लाँच फार वेळ धरता यायची नाही," लाँचवाला म्हणाला.

त्याने वळून अठरा डोक्यांवरून तिच्याकडे पाहिलं. मग तो बाजूला झाला. ती माणसांतून वाट काढत पुढे आली आणि तिसऱ्या लाटेला तिने उडी मारली. गुडघा खरचटला. उठून तिने हात पुढे केला आणि एकेकाला वर घेतलं. अठरावा आला, तरी हात तिने नवऱ्यासाठी तसाच पुढे ठेवला.

"या ना," ती म्हणाली. "मी घट्ट धरते."

"राहू दे," तो म्हणाला. "खाली बघून चाला म्हणावं सगळ्यांना. घरटी जमिनीवरच असतात."

लाँच मागे सरली. तो फळीवर बसला.

"गाईडसाहेब उद्या येतील ना पुढे?" एका आजोबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आता ते नाही येणार."

काल तिला आपलंच खरं करायचं होतं. ते खरं झालं होतं, आणि आपण चुकलो असतो तर किती बरं झालं असतं, असं वाटून तिला भर उन्हात, अठरा माणसांसमोर रडू फुटलं.