सटवाईच्या कागदावरची पेशी

आमच्या घरात देवावरून भांडण व्हायचं ते रोज संध्याकाळी, माझे वडील, आबा, गिरणीतून आल्यावर, चहाच्या कपाबरोबर. परळच्या चाळीतली एक खोली. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, पण दादरची शाळा सुटली की पाय आधी माहेरीच वळायचे. शाळेत मी मुलींना जीवशास्त्र शिकवायचे. मला वाटायचं मला सगळं कळतं, आबांना वाटायचं मला काहीच कळत नाही. त्यामुळे आमचं छान जमायचं.

वादाला कारण मीच दिलं होतं. मी कुठेतरी वाचलं होतं की परदेशात कुणी काचेच्या भांड्यात वाफ आणि काही वायू कोंडून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या, आणि पाण्यात प्रथिनांचे घटक आपोआप तयार झाले. हे मी आबांना अशा थाटात सांगितलं, जणू ते भांडं मीच चुलीवर ठेवलं होतं. "म्हणजे जीव निर्जिवातून आला, आबा. कोमट पाण्यातून. देवाचा काही संबंध नाही."

"मगे एकदाच कसो इलो?" आबा बशीत फुंकर मारत म्हणाले. "आता कित्याक येना नाय? आणि तूच पोरींका शिकवतंस ना, तांदळात किडे आपसूक होनत नाय म्हणान?"

मी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी पेशीची आकृतीच काढून आणली. मी शिकले तेव्हा पेशी म्हणजे एक पिशवी आणि मधे ठिपका एवढंच होतं. आता नव्या सूक्ष्मदर्शकांमुळे तिच्यात पडदे, नळ्या, कोठारं असं काय काय सापडत होतं. आबांचा जन्म मागावर गेलेला. ते आकृती बघून खूशच झाले. "ही तर अख्खी गिरण! ह्यां सगळां आपसूक? बाय, लुगड्याचो एक धागो आपसूक भरलेलो मी अजून बघूक नाय."

"लुगड्याला पोरं होतात का, आबा? पेशीला होतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. हाच तर फरक."

तेव्हा त्यांनी बोट कागदावर गोल फिरवलं आणि विचारलं, "सगळां काढलंस. जीव खंय काढलंस?" मी चिडून कागद हिसकावला. आई म्हणाली, चाय थंड होता. हे मग रोजचंच झालं.

ते दिवस मराठी राज्यासाठी निघणाऱ्या मोर्च्यांचे होते. माझा नवरा सत्याग्रहात पकडला गेला आणि मी पोटुशी. बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा आठवा लागला होता. सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून कळा सुरू झाल्यावर आई शेजारणींना ठासून सातवा सांगत होती. दिवस तिच्याइतके पक्के कुणालाच ठाऊक नव्हते. बाहेर संचारबंदी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागच्या चाळीतली सुईण गच्चीवरून गच्चीवर येत पोचली. मुलगी झाली. आबांच्या तळहातात मावेल एवढी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कसेबसे आले. म्हणाले, हिला हलवू नका, वाटेतच जाईल. ऊब द्या. आम्ही नवी गादी उसवली आणि सुपात कापूस भरून तिला त्यात ठेवलं. सरबताच्या बाटल्यांत कोमट पाणी भरून, फडकी गुंडाळून चारी बाजूंनी लावल्या. निवल्या की आबा त्या बदलायचे. एकदा बाटली लावता लावता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काचेत कोमट पाणी होतं, माझ्या त्या प्रयोगासारखं. मला वाटलं, आता टोमणा मारतील. पण ते हळूच म्हणाले, "होतला ना गो ह्यातसून काय तरी? तू वाचलंस ना?" त्या माणसाला मी पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलताना ऐकलं.

तिसऱ्या दिवशी तिचा श्वास अडखळायला लागला. मी आईला म्हटलं, आजच सटवाई पूज.

सटवाई सहाव्या दिवशी येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठी पाट्यावर हळद-कुंकू, दिवा, कोरा कागद आणि लेखणी मांडतात. या कागदाची मी आयुष्यभर टिंगल केली होती.

"सटवाय काय तुझ्या शाळेतली शिपाई?" आई रडत म्हणाली. "घंटा वाजयली की येतली?"

"सहाव्या दिवसापर्यंत ही थांबणार नाही, आई! नशीब लिहिल्याशिवाय ही कशी जाईल? आधी लिहून घेऊ या."

केवढं अशास्त्रीय बोलत होते मी. शास्त्रातलंही आणि धर्मातलंही काही त्यात बसत नव्हतं. मला फक्त ती हवी होती. आबा उठले आणि पाटा धुऊन आणला. तिन्हीसांजेला दिवा लागला. माझ्याच चित्रकलेच्या वहीतला कागद, माझीच पेन्सिल. आम्ही तिघं बसून राहिलो. सटवाई काही येईना. तो पांढरा कागद मला बघवेना. मी पेन्सिल उचलली आणि पेशी काढायला लागले.

"अगो, कोरो ठेवचो आसता तो!" आई ओरडली.

मला दुसरं काय लिहिता येत होतं? मी बाहेरचा पडदा काढला, केंद्रक काढलं, त्यातले धागे एकेक करून काढले. एकही चुकवला नाही. आबा जवळ सरकले. मला वाटलं, आता विचारतील, जीव खंय? त्यांनी विचारलं, "ह्यां काय? आणि ह्यां?" मी सांगत गेले. ते मान हलवत गेले. माझं सांगून संपलं तेव्हा आईने सुपातल्या कापसावर हात ठेवला होता, आणि तो ती काढत नव्हती.

बारसं व्हायचं होतं म्हणून तिला नावसुद्धा नव्हतं. मी तिला खूप वेळ मांडीवर घेऊन बसले. तिच्या अंगातली पेशीन् पेशी जागच्या जागी होती. काही सांडलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. सगळं होतं आणि ती नव्हती. मला तेव्हा सगळ्या शहाण्यांचा राग आला, देववाल्यांचा आणि भांडंवाल्यांचाही. आबांनी तिला फडक्यात घेतलं, कागदाची घडी करून तिच्याजवळ ठेवली आणि निघाले.

त्यानंतर आबांनी वाद घातला नाही. देवाला फूल वाहणंही थांबवलं. नवरा सुटून आला, शाळा सुरू झाली, मी फळ्यावर तीच आकृती काढत राहिले. चहाच्या वेळी खोलीत नुसता बशीचा आवाज.

मराठी राज्य झालं त्या संध्याकाळी चाळीत दिवे लागले, पेढे वाटले. मला आबांचं ते गप्प बसणं सोसेना. मी मुद्दाम म्हटलं, "आबा, जीव कुठून आला?"

"तुझांच खरां, बाय. लिवणारो कोण नाय."

मला ते नको होतं. मी त्यांच्या बाजूने भांडायला लागले. एवढी गिरण आपोआप कशी उभी राहील, आबा? धागे कुणीतरी भरावे लागतात. लुगडं कधी आपसूक विणलं गेलंय का?

आबांच्या तोंडावर जुनं हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्यांना खुमखुमी आली होती. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "अगो, पण लुगड्याक पोरां होतत काय?"

आणि बोलून गेलेलं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी माझा हात धरला. बाहेर पोरं फटाके वाजवत होती.