ओव्हरलोड डायरेक्ट केला तो दिवस

१९६९ साल होतं. मी छत्तीस वर्षांचा होतो आणि जळगाव जामोदच्या एका जिनिंगवाल्याच्या घरात स्टुलावर उभा राहून एअर कंडिशनरचं झाकण खोलत होतो. खाली मालक उभे होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"सदाशिव, राहू दे," ते म्हणाले. "अकोल्याच्या मशीनवाल्यायले फोन केला म्या. त्यांचा मेकॅनिक एक-दोन दिवसांत येते. हात लावू नका म्हणून सांगितलं त्यायनं."

"मेकॅनिक काय दुसऱ्या मातीचा हाये?" मी म्हणालो. "मोटरच हाये ना ह्याच्यात?"

मोटर म्हटली की मला दम निघत नसे. माझी शाळा चौथीपर्यंत. पण त्या दिवसांत विजेच्या तारा शिवारात पोचू लागल्या होत्या, विहिरीविहिरीवर मोटारपंप बसत होते आणि ते दुरुस्त करणारा तालुक्यात मीच होतो. मी कोणाकडं शिकलो नाही. एक जळकी मोटर खोलली, आतली तार नव्यानं गुंडाळून पुन्हा बांधली, चालू झाली, तोच माझा कोर्स. मला कोणी 'हे तुझ्यानं होणार नाही' म्हटलेलं चालत नसे. अजूनही चालत नाही.

पण हे मशीन माझ्या हौसेसाठी तिथं बसवलं नव्हतं. ते भाऊसाहेबांच्या धाकट्या भावासाठी होतं. त्याला आम्ही नाना म्हणायचो. महिन्यापूर्वी जिनात, म्हणजे कापसातून रुई काढायच्या त्यांच्या कारखान्यात, आग लागली. रुई पेटली की विझवायला वेळ मिळत नाही. आत अडकलेल्या दोन बायांना नानानं बाहेर काढलं आणि स्वतः भाजला. सगळी पाठ आणि दोन्ही दंड. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की जखमांना घाम लागता कामा नये, नाहीतर पू होईल. मे महिन्यात आमच्याकडं घाम येऊ द्यायचा नाही म्हणजे काय, ते इकडच्या माणसालाच कळेल. म्हणून भाऊसाहेबांच्या मुंबईच्या मेव्हण्यानं स्वतःच्या घरातलं मशीन काढून पाठवलं. गावातलं ते पहिलंच. ते बारा-पंधरा दिवस नीट चाललं आणि मग दर थोड्या वेळानं बंद पडू लागलं.

नाना मच्छरदाणीत पालथा पडला होता. तोंड माझ्याकडं.

"सद्या, अबे तू पाण्याचा मिस्त्री," तो म्हणाला. "हे हवा फेकते. काही उलटं जोडून माह्यावर पाणी नको सोडू."

"नाना, तू फक्त पडून राह्य. तासाभरात थंडी वाजते तुले."

"वाजू दे बाप्पा. गोधडी मागतो का नाही, पाह्य."

बोलताना तो हसत होता, पण कपाळावरचा घाम त्याची बायको सारखी टिपत होती. पाठीला माशी बसू नये म्हणून तिच्या दुसऱ्या हातात पंखा होता. तिचा हात थांबला की नाना ओठ दाबायचा.

मी चालू करून पाहिलं. खिडकीच्या मशीनमध्ये एक बंद लोखंडी डबा असतो, त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. मोटर त्याच्या आत असते. तो गॅस दाबतो, त्यानं गारवा होतो आणि खोलीतली गरमी मागच्या जाळीतून बाहेर जाते. डब्याच्या डोक्यावर एक छोटी टिकली असते. ती ओव्हरलोड. डबा फार तापला की ती 'टक्' करून करंट तोडते. थंड झाला की पुन्हा जोडते. भाऊसाहेबांच्या मशीनचं तेच चाललं होतं. डबा गुरगुरायचा, थोडं चालायचा, मग टक्.

मला वाटलं, सापडलं. विहिरीवर आम्ही हेच रोज पाहायचो. व्होल्टेज कमी असलं की पंपाचा स्टार्टर पडायचा, म्हणजे आपोआप बंद व्हायचा. शेतकरी बटनात तुऱ्हाटीची काडी घालून तो दाबून ठेवायचे. काडीनं भागलं नाही तर मला बोलवायचे आणि मी स्टार्टर वगळून तारा सरळ मोटरीला जोडून द्यायचो. ह्याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. पाणी मिळायचं. मोटर कधी जळायची, कधी नाही जळायची. जळली तर बांधून देणारा मीच.

"टिकली खराब हाये," मी भाऊसाहेबांना सांगितलं. "डायरेक्ट करून देतो."

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे? तालुक्यात इचारा."

टिकलीच्या दोन्ही टोकांना मी तारेचा तुकडा जोडला. फ्यूजची तार बारीक होती, ती गेली असती. म्हणून तिथंही जाड तार भरली. खटका दाबला. डबा गुरगुरला आणि चालत राहिला. टक् नाही, काही नाही. थोड्या वेळात खोली थंड झाली. नानाच्या बायकोनं पंखा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. ती किती दिवसांनी अशी बसली होती कोण जाणे.

"सद्या," नाना डोळे मिटून म्हणाला, "तू माणूस वाईट हायेस, पण मिस्त्री चांगला हायेस." आणि झोपला.

भाऊसाहेबांनी मला जेवायला थांबवून घेतलं. पुरणपोळी नव्हती, पण तूप होतं. जेवता जेवता मीच म्हणालो, "अकोल्याले फोन लावा आन् येऊ नका म्हणा. कायले इतक्या दूरून माणूस आणता?" ते म्हणाले, राहू दे, आला तर पाहून जाईल. मी ऐकलं नाही. मला ते अपमानाचं वाटलं. शेवटी त्यांनी जिनाच्या ऑफिसातून ट्रंक कॉल लावला. मेकॅनिक सकाळीच कामावर निघून गेला होता. निरोप ठेवला.

मी ओसरीवर पान लावत बसलो होतो तेव्हा आतून किंकाळी आली.

धावलो. खोली धुरानं भरली होती. आत तारांचं रबर जळत होतं आणि मशीनचा पंखा तो सगळा धूर खोलीत ओतत होता. पण मशीनकडं कोणाचं लक्ष नव्हतं. जळाल्याचा वास नाकात गेल्याबरोबर नाना झोपेतून उठला होता. त्याला वाटलं, जिनच पेटलं. "बाया आत हायेत! बाया आत हायेत!" असं ओरडत तो मच्छरदाणीसकट पलंगावरून खाली पडला, उठला आणि दाराच्या चौकटीला पाठ घासून बाहेर पळाला. भाऊसाहेबांनी अंगणात त्याला मागून मिठी मारून धरला. दुसरा उपाय नव्हता. धरला तिथली खपली सगळी त्यांच्या सदऱ्याला लागून आली.

मी मेन स्विच पाडला. त्या दिवशी मी बरोबर केलेलं काम ते एवढंच.

डॉक्टर आले. नानाला तोंडानं बोलता येत नव्हतं, नुसता कण्हत होता. मी तुळशीजवळ उभा होतो. मला कोणी जा म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही.

दिवस मावळायच्या आधी अकोल्याचा मेकॅनिक दारात आला. त्याचं नाव रशीदभाई. तो शेगावला एका कामावर होता, निरोप त्याला मिळालाच नव्हता. त्यानं झाकण खोललं, टिकलीवरचा माझा तुकडा बोटानं उचलून पाहिला.

"ये डायरेक्ट कोनं केलं?" त्यानं विचारलं.

भाऊसाहेब जमिनीकडं पाहत होते. नानाची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. त्या घरातलं कोणी माझं नाव घ्यायला तयार नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्या," मी म्हणालो.

रशीदभाईनं तुकडा खाली टाकला. "शिडी आना," म्हणाला. आम्ही बाहेरून गेलो. मशीनचं मागचं तोंड जिनाच्या बाजूला होतं. आगीनंतर जिन पुन्हा चालू झालं होतं आणि तिथली जाळी रुईच्या तुसानं गच्च बुजली होती. इतकी, की जाळी दिसतच नव्हती. जिनात हंगामभर उडणारी रुई गावात सगळ्यांच्या अंगावर, झाडांवर, तारांवर बसते. आम्हाला ती दिसतही नाही.

"गरमी निकलेल कहाँसे?" तो म्हणाला. "ओव्हरलोड अच्छा था, मिस्त्री. बिचारा आपलं काम करून राह्यला होता. ब्रश मारला असता, पाणी मारलं असतं, तर झालं होतं."

"आन् आता?"

"आता डबा जळाला. नवा मुंबईहून येईल. उन्हाळा तर गेला पेशंटचा."

मी त्या भिंतीखालून रोज सायकलनं जात होतो. शिडी जिनातच होती. मागं चढून पाहायला किती वेळ लागला असता? पण ज्याला आधीच सगळं माहीत आहे तो कशाला शिडी मागेल.

मी नंतर पुष्कळ वर्षं काम केलं. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला एकच सांगितलं. करंट आपोआप तुटला तर तो का तुटला हे आधी शोधा, मग जोडा. हे मला कोणी शिकवलं असं ते विचारायचे. मी विषय बदलायचो. मी ते दुसऱ्याच्या पाठीवर शिकलो, हे तोंडानं सांगवत नाही. लिहायला सोपं आहे म्हणून लिहिलं.

त्या रात्री घरी जाऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाजारात गेलो, दुकानदाराला उठवून, खिडकीला लावून भिजवली की आत गार हवा येते ती वाळ्याची ताटी घेतली आणि डोक्यावर घेऊन भाऊसाहेबांच्या घरामागं गेलो. नानाच्या खोलीच्या दुसऱ्या खिडकीला ती बाहेरून बांधली आणि हौदातून बादली भरून तिच्यावर पाणी मारायला लागलो. आत नाना जागा होता.

"कोण हाय बे बाहेर?" त्यानं विचारलं.

मी हौदाकडं गेलो. बादली भरून आणली आणि पुन्हा पाणी मारलं.