रत्नाची दोन पानं

न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साड्यांच्या एका दुकानाच्या वर एक ट्रॅव्हल एजन्सी होती आणि तिच्या काउंटरमागे सतरा वर्षं रत्ना कारखानीस बसत होती. शेठ गुजराती, गिऱ्हाईक निम्मं मराठी, आणि त्या मराठी निम्म्यावर रत्नाचं राज्य. तिकीट कुणीही काढून देतं हो, पण रत्ना तिकिटाबरोबर दोन पानं द्यायची. पिवळ्या कागदावर, स्वतः टाइप केलेली. बॅग बाथरूममधल्या काट्यावर कशी तोलायची, फ्रँकफर्टला डावीकडे वळायचं की उजवीकडे, सासूबाई पहिल्यांदाच येत असतील तर त्यांच्या हातात इंग्रजीत काय लिहिलेला कागद द्यायचा, लोणच्याची बाटली किती पिशव्यांत गुंडाळायची. शेवटी तिचा घरचा फोन नंबर आणि खाली एक ओळ: अडलं तर विचारा.

२००६ उजाडेपर्यंत लोक घरबसल्या इंटरनेटवर तिकिटं काढू लागले होते. पानं मागायला मात्र अजून जिना चढून यायचे. ‘रत्नाताई, तिकीट झालंय, पानं तेवढी द्या.’ रत्ना कुरकुरायची आणि मनातून फुलायची. स्वतः ती अमेरिकेतून भारताखेरीज कुठे गेली नव्हती, पण तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाचंही विमान तिच्या सल्ल्याशिवाय उडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशात तिच्या जिवलग मैत्रिणीच्या, संध्याच्या मुलाचं लग्न ठरलं. ईशान डॉक्टर, मुलगी लुसिया त्याच्याच हॉस्पिटलमधली, मूळची पेरू देशातल्या लिमा शहरातली. लग्न लिमात, पाच ऑगस्टला. न्यू जर्सीतून तीस-बत्तीस माणसं जायची होती आणि भारतातून सहा. ही बातमी आली त्याच दिवशी रत्नाने लायब्ररीतून दक्षिण अमेरिकेवरची तीन जाडजूड पुस्तकं आणली. कुणी सांगायच्या आधीच तिने पिवळ्या कागदांचं नवं पाकीट फोडलं.

सांगितलं कुणीच नाही. मे महिन्यात संध्याची ईमेल आली, सगळ्यांना एकदम. ‘लग्नाची वेबसाइट तयार झालीय! ट्रॅव्हलचं पान आपल्या रेणूने लिहिलंय. किती सुंदर लिहिलंय बघा!’

आपल्या रेणूने! ही रेणू दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून इकडे आलेली, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. कंपनीने तिला एकदा चार दिवस लिमाला पाठवलं होतं. चार दिवस! रत्नाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंचवीस वर्षांची मैत्री आपली आणि ‘आपली’ झाली ती रेणू.

तिने ते पान काउंटरवरच उघडलं आणि चुका शोधायला बसली. ऑगस्टमध्ये तिथे थंडी असते, स्वेटर आणा. आकाश दिवसभर राखाडी असतं, ऊन पडेल या आशेवर राहू नका. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून थांबवू नका, हॉटेलला बोलवायला सांगा. नळाचं पाणी पिऊ नका. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, हा बटाट्यांचा देश आहे. उकडलेल्या बटाट्यावर पिवळाधमक चीजचा सॉस घालून देतात ते मागा, आणि टेबलावर भाजक्या मक्याची वाटी आली की ती आपलीच समजा. संध्याकाळी समुद्राकाठच्या कड्यावर जा, तिथून खालचा समुद्र दिसतो आणि बोलणं आपोआप थांबतं. सोबत फोटो, सगळे रेणूने काढलेले.

पान चांगलं होतं. हेच तर दुखणं होतं. बटाट्याचं वाचताना रत्नाला चक्क भूक लागली आणि त्या भुकेचाही तिला राग आला.

मग ती अगदी शेवटच्या ओळीवर आली. ‘लिमा शहरासाठी कुठलीही खास लस लागत नाही.’ रत्ना थबकली. तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विमान कंपन्यांसाठीची नियमांची यादी उघडली. न्यू जर्सीहून जाऊन न्यू जर्सीला परतणाऱ्यांसाठी रेणूचं बरोबर होतं. पण पेरूहून थेट भारतात उतरणाऱ्याकडे यलो फीवरची, म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचं कार्ड लागतं, नाहीतर विमानतळावरूनच उचलून सहा दिवस वेगळं ठेवतात. अमेरिकन पुस्तकांत हे कशाला असेल? ते पाहावं लागतं ते आपल्याच लोकांना. सहा माणसं पुण्याहून अमेरिकेत न येता परस्पर लिमाला जाऊन परस्पर परतणार होती, आणि हे कुणालाही माहीत नव्हतं. रत्ना सोडून.

रत्नाला इतका आनंद झाला की तिने डब्यातली दुसरी पोळीही संपवली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने नवऱ्याला, एकनाथला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग संध्याला फोन कर ना.’

‘विचारलंय का मला कुणी?’

‘अगं, पण सुमित्राताईंचं तरी…’

‘अजून अडीच महिने आहेत. येतील विचारायला. नाहीच आले तर मी सांगेनच की योग्य वेळी.’

एकनाथने तिच्याकडे पाहिलं आणि पेपर उघडला. तो पेपरात तोंड घालतो तेव्हा त्याचं काय म्हणणं असतं ते रत्नाला तीस वर्षं कळत होतं. त्या दिवशी तिने ते कळून घेतलं नाही.

सुमित्राताई म्हणजे त्या सहा जणांतल्या एक, ईशानच्या आत्या, त्याच्या वडिलांची, अरुणची थोरली बहीण. वय एकाहत्तर, लग्न केलेलं नाही, पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. अरुण आणि संध्या अमेरिकेत पाय रोवत होते तेव्हा ईशान चार वर्षांचा होईपर्यंत पुण्यात यांच्याच मांडीवर वाढला. एकटी बाई, मागे कुणी नाही, ती परत कशाला जाईल, असा हिशेब करून अमेरिकेने त्यांना दोनदा व्हिसा नाकारला होता. पेरूने मात्र दिला. आयुष्यभर नकाशावर काठीने दाखवलेला देश त्या आता बघणार होत्या, आणि आपल्या मुलाचं लग्नही. चातुर्मासात कसलं लग्न, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘देव इकडे झोपलेत. तिकडे उलटे ऋतू आहेत, जागे असतील.’

जून सरला. विचारायला कुणी आलं नाही. उलट जो भेटेल तो रेणूचं पान वाचून आलेला. मंडळाच्या पिकनिकला एकाने रत्नालाच समजावलं, ‘ताई, टॅक्सी हॉटेललाच बोलवायला सांगायची बरं का!’ रत्ना हसली. आतून तिचा जीव जळत होता. तिने ठरवलं, केळवणाला सांगायचं. सगळ्यांसमोर. केळवण रेणूच्याच घरी होतं, पंधरा जुलैला.

पुरणपोळ्या झाल्या, आहेर झाले, कुणीतरी परत एकदा त्या पानाचं कौतुक केलं, आणि रत्नाने विड्याचं पान लावता लावता अगदी सहज विचारलं, ‘पुण्याच्या मंडळींनी यलो फीवरचं इंजेक्शन घेतलं असेलच ना गं, रेणू? नाही, कार्ड नसेल तर मुंबईला सहा दिवस अडकवतात, म्हणून विचारलं.’

रेणूचा चेहरा पांढराफटक झाला. ‘ओ माय गॉड,’ ती म्हणाली. ‘मी फक्त यूएसचे रूल्स चेक केले.’

‘तरी मी म्हणत होते, रत्नाला एकदा दाखवू या,’ संध्या म्हणाली. ती असं कधीच म्हणाली नव्हती, पण रत्नाला ते ऐकून गोड वाटलं. दोन महिन्यांनी घास नीट गिळला गेला.

रेणूने मात्र रडारड केली नाही. कागद-पेन घेऊन ती रत्नाशेजारी बसली. ‘रत्नाताई, सांगा, काय काय करायचं? मी लिहून घेते.’ दुसऱ्या दिवसापासून तिने पुण्याला इतके फोन केले की चार दिवसांत पाच जण मुंबईला जाऊन लस टोचून घेऊन आले.

राहिल्या सुमित्राताई. त्यांच्या सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टर म्हणाले, ही लस जिवंत जंतूंची. आधी गोळ्या हळूहळू बंद करायच्या, मग महिनाभर थांबायचं, मगच बघता येईल. लग्नाला राहिले होते सतरा दिवस. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परतलं तर? चालेलही आणि नाहीही, समोर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर. एकाहत्तर वर्षांच्या, धड उठता-बसता न येणाऱ्या बाईला सहा दिवस कुठल्यातरी परक्या खोलीत एकटी ठेवायची? अरुण नाही म्हणाला. त्याने एकच वाक्य तीनदा म्हटलं, ‘मेमध्ये कळलं असतं तर…’

मेमध्ये. रत्नाने बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती.

सोमवारी सकाळी रेणू एजन्सीचा जिना चढून आली. डोळे सुजलेले. ‘रत्नाताई, माझ्यामुळे झालं हे. मी ते पान लिहायलाच नको होतं. तुम्ही लिहिता हे मला माहीतसुद्धा नव्हतं हो, संध्याताईंनी सांगितलं आणि मी हो म्हटलं.’ ती खुर्चीत बसली आणि रडली. रत्नाने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. जिच्या नावाने दोन महिने बोटं मोडली, तिचा हात आता आपल्या हातात आहे आणि तो गार पडलाय, हे रत्नाला सहन होईना. खरं सांगायला तिने तोंड उघडलंही, पण बाहेर पडलं ते एवढंच, ‘रडू नकोस.’

‘आत्यांना तिकीट कॅन्सल झाल्याचं तुम्ही सांगाल का? अरुणकाकांना बोलवत नाहीये, आणि माझी हिंमत होत नाही.’

रेणू गेल्यावर रत्नाने पुण्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. सुमित्राताईंनी लगेच उचलला.

‘कळलंय गं मला. अरुणच्या आवाजावरूनच कळलं काल. कॅन्सल करून टाक.’ मग त्याच पुढे बोलत राहिल्या. स्वेटर नवा विणला होता, तो त्या पाच जणांबरोबर ईशानला पाठवतील. समुद्राकाठच्या त्या कड्याचा फोटो शेजारच्या मुलीने छापून दिलाय, तो कपाटावर लावलाय. ‘त्या मुलीला काही बोलू नका हं. छान लिहिलंय तिने, मी तीनदा वाचलं. नवीन आहे, तिला कुठून ठाऊक असणार?’ त्या जरा थांबल्या. ‘पण खरं सांगू का रत्ना, तू लिहिलं असतंस ना, तर हे राहिलं नसतं.’

हेच वाक्य. दोन महिने रत्ना याच वाक्याची वाट बघत होती, कुणाच्यातरी तोंडून. संध्याच्या, अरुणच्या, भर केळवणात, मंडळाच्या पिकनिकला. ते असं येईल असं तिला वाटलं नव्हतं.

‘सुमित्राताई,’ ती म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

‘काय?’

‘ते कार्ड लागतं ते. मला मेपासून माहीत होतं.’

रत्नाला वाटलं, फोन कट झाला असेल तर बरं. झाला नव्हता.

‘मग सांगितलं का नाहीस गं?’

सुमित्राताईंच्या आवाजात राग नव्हता. वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीने सोपं उत्तर चुकवावं आणि बाईंना खरंच कळू नये की असं का झालं, तसं त्या विचारत होत्या. रत्नाने काउंटरवरच्या पिवळ्या कागदांच्या पाकिटाकडे पाहिलं. सांगण्यासारखं दुसरं काही सापडतंय का ते तिने शोधून पाहिलं. सापडलं नाही.

‘मला कुणी विचारलं नव्हतं,’ रत्ना म्हणाली.