तानुबाईचं खापर

शिरपूरजवळच्या त्या गावात तानुबाईचे मांडे आणि तिचा तोरा, दोन्ही सारखेच गाजलेले. पुरण भरलेला गोळा ती हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवी आणि पालथ्या, तापल्या खापरावर अलगद टाकी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आधी तिचा मांडा खात, मग झोक्यावर बसत. बारा वर्षं घरात नांदणाऱ्या सुनेला, कुंदाबाईला, मात्र तिनं खापराजवळ फिरकू दिलं नव्हतं. "तिना हात जड शे," म्हणे.

ब्याण्णव साली सकाळी उठल्यावर तिची बोटं वळेनात. तासभर मूठ मिटत नसे. दोन्ही हातांचे सांधे सुजले. तिनं बिब्बा लावला, दुकानातली दुखण्याची गोळी गिळली. ठणका थांबला की रोग गेला, असा तिचा हिशेब. दोन वर्षं तिनं असंच रेटलं. मग बोटं करंगळीकडे कलली, मांडा हातातच फाटला, तेव्हा मुलगा भटू तिला बळेबळे धुळ्याला घेऊन गेला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. सांध्यांपाशी हाडांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

"दुखनं ते थांबनं व्हतं. मंग हाड कोन खाई ऱ्हायनं?" तिनं विचारलं.

"तुमच्याच पेशी, अक्का. रोगाशी लढायला रक्तात ज्या पेशी असतात, त्या चुकून सांध्याच्या अस्तरालाच वैरी समजल्या. तिथं जमल्या, सूज आणली आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना चिथावलं. गोळीनं ठणका दबला, त्यांचं काम चालूच राहिलं. गेलेलं हाड परत येत नाही. उरलेलं औषधानं राखायचा प्रयत्न करू."

परतीच्या एसटीत तिला स्वतःच्याच अंगाचा राग आला. कुंपणानंच शेत खाल्लं! राखण करता करता घरच्यांनाच वैरी समजायचं, हे कसलं शहाणपण? मग तिला कुंदाबाई आठवली.

आखाजीला खापर तापलं. कुंदाबाई सवयीनं दाराशीच उभी होती.

"कुंदा, हात धोयी ये. बैस आठे."

कुंदाबाईचा पहिला मांडा फाटला. ती घाबरून सासूकडे बघू लागली. तानुबाईनं आपल्या वाकड्या बोटांनी तो तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"मना बी पहिला फाटना व्हता," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.